सभापतींना आवरणारं कोण?

मी सांगलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवतो. वर्गात मुलं आणि गावाकडं गेलो की त्यांचे वडीलधारे, एकच गोष्ट विचारतात: "सर, अध्यक्षांना एवढे अधिकार दिलेत, मग त्यांना आवरणारं कोण?"

आवरणारं सभागृहच. विधानसभेचे अध्यक्ष असोत की विधान परिषदेचे सभापती, सभागृहानं निवडायचं आणि सभागृहानंच हटवायचं. हे आपल्या भागानं जवळून पाहिलंय. शिराळा तालुक्यातल्या कोकरूडचे शिवाजीराव देशमुख परिषदेचे सभापती होते. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रवादीनं त्यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणला, भाजपनं साथ दिली आणि त्यांना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी फलटणचे रामराजे नाईक-निंबाळकर आले. सभापतिपद सांगलीतून साताऱ्यात गेलं.

असा ठराव सोपा नसतो. १४ दिवसांची नोटीस लागते आणि हजर सदस्यांचं नव्हे, त्या वेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं. ठराव चर्चेला असताना ज्यांच्याविरुद्ध तो आहे त्या अध्यक्षांना किंवा सभापतींना अध्यक्षस्थानी बसता येत नाही, पण सभागृहात बसून बोलता येतं. एरवी त्यांना मत फक्त दोन्हीकडं समसमान मतं पडली तरच. त्या दिवशी मात्र ते इतरांसारखंच आधी मत देतात, निर्णायक मत त्यांच्याकडं राहत नाही. घटनाकारांनी किती बारकाईनं विचार केला होता, हे मुलांना दाखवताना मला आजही भरून येतं.

पण खरी अडचण निराळी आहे, आणि ती घटनाकारांच्या वेळी नव्हतीच. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं, आणि पक्षांतर केलेला आमदार अपात्र ठरतो की नाही, याचा निवाडा अध्यक्षांकडं गेला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही व्यवस्था मान्य केली. निकालाची तपासणी न्यायालयात होऊ शकते, असंही सांगितलं. मात्र ती सहसा निकाल लागल्यावर. निकाल लागलाच नाही तर?

किती दिवसांत निकाल द्यायचा, हे परिशिष्टात कुठंच लिहिलेलं नाही. अध्यक्षांची सगळ्यात मोठी ताकद मला इथं दिसते, आणि तिचीच मला काळजी वाटते. शिवसेनेच्या आमदारांविरुद्ध जून २०२२ मध्ये अपात्रतेचे अर्ज सुरू झाले. मे २०२३ मध्ये न्यायालयानं वाजवी वेळेत निर्णय घ्या म्हणून सांगितलं, पुढं तारीखच ठरवून द्यावी लागली, तीही वाढवली गेली, आणि निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. निकाल कुणाच्या बाजूनं लागला हा माझा मुद्दा नाही. तोवर पाच वर्षांच्या विधानसभेतली दीड वर्षं त्या प्रश्नाच्या उत्तरावाचून निघून गेली. मतदारानं काय करायचं? मणिपूरच्या अशाच पक्षांतराच्या प्रकरणात २०२० साली न्यायालयानं साधारण तीन महिन्यांची मर्यादा सांगितली होती, आणि हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडं द्यावं का, याचा संसदेनं विचार करावा असंही सुचवलं होतं. माझं मत स्पष्ट आहे: तीन महिने कायद्यातच लिहून टाका.

मग पोरं पुढचं विचारतात: अध्यक्ष पक्षाचेच, तर निःपक्ष कसे राहणार? त्याची वाट त्याच परिशिष्टात आहे. निवड झाल्यावर अध्यक्षांनी किंवा सभापतींनी पक्ष सोडला, तर ते अपात्र ठरत नाहीत; कायद्यानं त्यांना तेवढी सूट दिलीय. नीलम संजीव रेड्डी यांनी तर हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर काँग्रेसचा राजीनामा दिला होता.

तरी ही वाट फारसं कुणी धरत नाही. कारण सरळ आहे. पुढच्या निवडणुकीत तिकीट पक्षाकडंच मागायचं असतं. इंग्लंडमध्ये अध्यक्ष पुन्हा उभा राहिला की मोठे पक्ष बहुधा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आपल्याकडं तशी हमी आजवर कुठल्याच पक्षानं दिलेली नाही, आणि ती द्यायला घटनादुरुस्तीही लागत नाही.