पोहे, चहा आणि काळी पडलेली बाटली

परवा २१ मार्चला आमचा कार्यक्रम झाला, इथे बडोद्यात, कारेलीबागेतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. पन्नासेक बायका आल्या आणि या वर्षी पहिल्यांदाच सात-आठ पुरुषही आले, नुसते बायकोला सोडायला नाही तर पूर्ण वेळ बसले, प्रश्न विचारले, एका काकांनी तर वही काढून सगळं लिहून घेतलं, मला इतकं बरं वाटलं ते बघून. २१ मार्च म्हणजे जागतिक होम इकॉनॉमिक्स दिवस, १९८२ पासून पाळतात, आम्ही त्याला सरळ होम सायन्सचा दिवस म्हणतो. आम्ही म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीच्या होम सायन्स फॅकल्टीच्या जुन्या विद्यार्थिनी, कोणी शिक्षिका, कोणी डाएटिशियन, बऱ्याचशा आता रिटायर्ड. जमेल तसं कुठल्यातरी सोसायटीत, शाळेत नाहीतर आंगणवाडीत जातो आणि घरातलं विज्ञान दाखवतो.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या लावत होतो तेव्हा एक मुलगी आली, बावीस-तेवीसची असेल, म्हणाली, "मावशी, होम सायन्स म्हणजे ते स्वयंपाक आणि शिवणकामच ना?" अगदी साधेपणानं विचारलं तिनं. मी १९८५ ला अॅडमिशन घेतली तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आत्या आईला हेच म्हणाली होती, "पोळ्या लाटायला शिकायला युनिव्हर्सिटी कशाला लागते गं, घरी शिकव की." चाळीस वर्षं झाली, प्रश्न तोच आहे. त्या मुलीला उभ्याउभ्या नीट सांगता आलं नाही म्हणून आज निवांत लिहायला बसलेय.

आधी पोह्यांचं सांगते कारण त्या दिवशी सगळ्यात जास्त चर्चा त्यावरच झाली. आपल्या मराठी घरात पाहुणा आला की पोहे आणि लगेच चहा, बडोद्यातही काही वेगळं नाही. आता पोह्यांमध्ये लोह असतं, पण धान्यातलं लोह शरीरात सहजासहजी शोषलं जात नाही, त्याला व्हिटॅमिन सी ची मदत लागते, म्हणजे वरून पिळलेलं लिंबू हे काही शोभेला नाहीये, ते लोहाला आत घेऊन जातं. आणि त्याच पोह्यांबरोबर आपण चहा घेतला की चहातले टॅनिन त्या लोहाला धरून ठेवतात आणि लिंबानं जे कमावलं ते बरंचसं चहा घालवतो. म्हणून लिंबू भरपूर, आणि चहा तासाभरानं. एवढंच. पैसा लागत नाही, गोळी लागत नाही. हे मी तळमळून सांगते कारण २०१९ ते २१ च्या एनएफएचएस म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या गुजरातमध्ये १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला, देशाचा आकडा ५७ आहे, म्हणजे आपण देशाच्याही मागे. हॉलमध्ये हे सांगितलं तेव्हा एकदम शांतता झाली. मग मागून एक काकू म्हणाल्या, "म्हणजे माझी सून दुपारी सारखी दमते ते याच्यामुळे का?" मी म्हटलं ते रक्त तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आधी हिमोग्लोबिन करून घ्या, पण चहा आजपासूनच तासभर पुढे ढकला.

मग हळद, मिरची, चहा यांच्या भेसळ ओळखायच्या टेस्ट केल्या. काचेच्या ग्लासात पाणी आणि वरून चमचाभर हळद सोडायची, हलवायची नाही, शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिक्कं पिवळं होतं, रंग घातला असेल तर पाणी एकदम गडद होतं. हे सगळ्यांना लगेच कळतं, पोरंसुद्धा घरी जाऊन करतात. एकीनं नवा कुकर आणला होता, त्यावर आयएसआयचा दर्जाचा मार्क होता पण त्याच्याजवळ सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा लायसन्स नंबरच नव्हता, तो नंबर बीआयएस केअर या सरकारी अॅपवर टाकून बघता येतो हे फार कमी जणांना माहिती आहे. नंबर नसेल तर त्या मार्काला काही अर्थ नाही, आणि कुकर ही काही धोका पत्करायची वस्तू नव्हे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. हा विषय जिनं उभा केला ती एलेन रिचर्ड्स ही केमिस्ट होती, आणि पाण्याची केमिस्ट. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविज्ञानाच्या संस्थेत शिरलेली पहिली बाई, १८७३ ला पदवी घेतली, मॅसॅच्युसेट्स राज्यभरातलं पाणी तपासण्याचं मोठं काम तिनं केलं. तिचं म्हणणं असं की घर ही पण एक प्रयोगशाळाच आहे, हवा, पाणी, अन्न सगळं तिथे आहे, मग विज्ञान घरात का येऊ नये. १८९३ ला शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिनं एक स्वयंपाकघर चालवलं, तिथे जेवणाबरोबर त्यात प्रोटीन किती, फॅट किती तेही लिहून दिलेलं असायचं. हे तेच प्रदर्शन ज्याच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले. आणि आम्हा बडोदेकरांना १८९३ म्हटलं की अमरेली आठवतं, सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण पहिल्यांदा तिथे सुरू केलं ते त्याच वर्षी. मला ही दोन्ही एकाच वर्षीची कामं फार जवळची वाटतात.

१८९९ ला अमेरिकेतल्या लेक प्लॅसिड नावाच्या गावी या विषयाची पहिली परिषद भरली तेव्हा फक्त अकरा जण होते. दर वर्षी भेटत राहिले आणि १९०९ ला अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन झाली, रिचर्ड्सच पहिली अध्यक्ष. त्याच सुमाराला, १९०८ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये या विषयाचं आंतरराष्ट्रीय फेडरेशनही सुरू झालं, २१ मार्चचा दिवस त्यांचाच. अमेरिकेतल्या संघटनेनं १९९४ ला नाव बदललं, आता फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस. आपल्या फॅकल्टीचंही नाव आता फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस आहे. माझी त्याला काही हरकत नाही, नवीन मुलींना ते नाव पटतं, पण माझ्या तोंडात होम सायन्सच बसलंय आणि "होम" या शब्दात काही कमीपणा आहे असं मला आजही वाटत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट बडोद्यातूनच जाते हे फार जणांना ठाऊक नाही. १९२७ च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, त्याच्या अध्यक्ष आपल्या महाराणी चिमणाबाई. त्याच परिषदेनं पुढे १९३२ ला दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज काढलं, आजही होम सायन्स म्हटलं की देशात ते नाव पहिलं घेतात. मग १९४९ ला इथे महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी झाली आणि पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, ज्यांनी युनोच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात "ऑल मेन" च्या जागी "ऑल ह्यूमन बीइंग्ज" हे शब्द आणायला लावले. त्यांनी युनिव्हर्सिटीच्या अगदी सुरुवातीच्या काळातच होम सायन्सची फॅकल्टी उभी केली. या फॅकल्टीत मुली पहिल्या वर्षी केमिस्ट्री, फिजिऑलॉजी शिकतात हे आमच्या आत्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि १९५० ला इथे एक बाई आल्या, फ्लेमी किट्रेल. फुलब्राइट या अमेरिकन शिष्यवृत्तीवर आल्या होत्या, इथला होम सायन्सचा आणि पोषणाचा अभ्यासक्रम उभा करायला मदत करायला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांमध्ये पोषणशास्त्रात पीएचडी करणाऱ्या त्या पहिल्या, कॉर्नेलमधून, १९३६ ला. विचार करा, त्यांच्या स्वतःच्या देशात तेव्हा कित्येक ठिकाणी त्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसताही येत नव्हतं आणि त्या आपल्या बडोद्यात येऊन मुलांना काय खायला घालावं यावर काम करत होत्या. पुढे अमेरिकेतल्या त्या असोसिएशननं त्यांच्या नावाची फेलोशिप ठेवली. बडोद्यात त्यांच्या नावाचं काहीतरी असावं असं मला फार वाटतं, निदान एका वर्गाला तरी.

अजून एक नाव, आणि ते आपल्या मराठी बाईचं. प्रमिला फाटक. तुमच्यापैकी कुणाचं बाळ थोडं लवकर जन्मलं असेल किंवा उशिरा बसायला लागलं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे "डासी" नावाची, बाळाचा विकास बघायची टेस्ट झाली असेल. बेली नावाच्या अमेरिकन मोजपट्टीवरून फाटकांनी इथल्याच, बडोद्याच्याच बाळांवर काम करून ती भारतासाठी तयार केली, १९७० ला, त्यात हालचालींच्या ६७ आणि समजेच्या १६३ गोष्टी बघतात, जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत. मग १९९१ ला त्यातल्या निवडक ५४ घेऊन छोटी टेस्ट आली, तिचं नावच बडोदा डेव्हलपमेंट स्क्रीनिंग टेस्ट, बीडीएसटी म्हणतात. आज देशभर बाळांना तपासताना आपल्या गावाचं नाव घेतलं जातं.

मी ती टेस्ट पहिल्यांदा जवळून बघितली ते शेजारच्या बेनच्या नातवावर. दहा महिन्यांचा होता, सातव्या महिन्यात जन्मलेला, त्याची आई सारखी काळजीत. सतरंजीवर बसवलं, घंटी वाजवली तर वळून बघितलं, लाल कडं दोरीला लटकवलं तर झडप घातली. मग समोर एक अगदी छोटी गोळी ठेवली. आधी पूर्ण पंजा मारला, गोळी घरंगळली. परत ठेवली. परत पंजा. आणि तिसऱ्यांदा त्यानं अंगठा आणि पहिलं बोट असं जवळ आणलं आणि उचलली, आणि लगेच तोंडाकडे, तेवढ्यात टेस्ट घेणाऱ्या बाईंनी अलगद काढून घेतली. बाजूला त्याची आई रडायला लागली, तिला कोणी काहीच सांगितलं नव्हतं तरी तिला कळलं. बाई म्हणाल्या वय मोजताना लवकर जन्मलेले महिने वजा करायचे असतात, तुमचा मुलगा छान चाललाय. एका गोळीनं.

देशात आंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ज्या ३३ ब्लॉकमध्ये सुरू झाली त्यात आपल्याकडचा छोटा उदेपूर होता, तेव्हा तो वडोदरा जिल्ह्यातच होता. आमच्या कितीतरी सीनियर तिकडे कामाला गेल्या, एसटीनं, धुळीतून, वजनकाटा पिशवीत घालून. त्यांच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

आता बाटलीचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला ते इथल्या कुणालाच सांगायला नको, मगरी रस्त्यावर आल्या होत्या. आमच्याही सोसायटीत पाणी शिरलं, तळमजल्याचं सगळं गेलं. पाणी उतरलं, लोकांनी घरं धुतली, आणि मग तीन-चार दिवसांत एकेका घरात जुलाब सुरू झाले. आमच्या ग्रुपमधल्या एकीनं डझनभर बाटल्या आणल्या, पाणी तपासायच्या, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) टेस्टच्या. छोटी बाटली असते, आत औषध असतं, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि एक-दोन दिवस तसंच ठेवायचं. पाण्यात मैल्यातले जंतू असतील तर पाणी काळं पडतं.

आम्ही प्रत्येक बिल्डिंगच्या जमिनीखालच्या टाकीतून एक आणि वरच्या टाकीतून एक अशा भरल्या, वर चिकटपट्टीवर बिल्डिंगचं नाव लिहिलं आणि माझ्या जिन्याच्या खिडकीत रांगेत ठेवल्या. ज्या बिल्डिंगच्या सेक्रेटरी काकांचं म्हणणं होतं की आमचं पाणी अगदी स्वच्छ दिसतंय, काही गरज नाही, त्यांची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी काळीकुट्ट. खरोखर स्वच्छ, नितळ पाणी होतं ते, मी स्वतः भरलं होतं. काका येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत, दुपारी टाकी उपसायला माणसं लावली. टाकी घासली, ब्लीचिंग पावडर टाकली, रात्रभर ठेवून सोडून दिली, परत भरली. तोपर्यंत सगळ्यांनी पाणी उकळून प्यायचं, खळखळ उकळी आल्यावर निदान मिनिटभर, आणि ओआरएस घरात ठेवायचं असं दारोदारी सांगितलं. मग परत बाटल्या भरल्या.

त्या रात्री मी दोनदा उठून जिन्यात जाऊन बघून आले. त्या एलेनबाई पण अशाच राज्यभरच्या पाण्याच्या बाटल्या मांडून बसत असतील असं उगाच मनात आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्या जशाच्या तशा, एक सोडून, आणि ती कुठल्या टाकीची ते कळल्यामुळे तीही परत धुतली.

परवाच्या कार्यक्रमात वही काढून लिहून घेणारे काका ते हेच सेक्रेटरी काका. जाताना म्हणाले, यंदा पावसाळ्याच्या आधीच वीस बाटल्या मागवून ठेवा, पैसे सोसायटी देईल. मी मागवल्यात. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाही जूनमध्ये बाटल्या भरायला बोलावलंय, ती येते म्हणालीये.