आमच्या गोठ्यातला पेंढा

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि आधी आठवला तो पेंढ्याचा वास. डिसेंबरात भाताची झोडणी आटपलेली असायची. शाळेत नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, उभा राहायचा आणि त्याला पेंढा आमच्या घरून जायचा. आम्ही हिंदू, शाळा मिशनची; पण वर्गात गाय फक्त आमच्याकडे, म्हणून तो मान माझा. महिन्याच्या सुरुवातीला आम्ही करवंट्यांत माती भरून नाचणी पेरायचो. नाताळपर्यंत वीतभर हिरवेगार कोंब यायचे. गोठ्यापुढचं शेत ते हेच.

सहावीत बाईंनी शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रकथा, हातात दिलं आणि म्हणाल्या, "यात बैल आणि गाढव शोधून दाखवा." लूकचा दुसरा अध्याय आम्ही तीनदा वाचला. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. रानातले मेंढपाळ आले. बैल नाही की गाढव नाही. मत्तयात पूर्वेकडचे ज्ञानी लोक भेटले, पण ते किती होते हे लिहिलेलंच नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटी, त्यावरून लोकांनी राजेही तीन केले. मग बाईंनी बायबलच्या जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढला. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं, माझ्या लोकांना मात्र ओळख नाही, असं देवाचं गाऱ्हाणं तिथे आहे. आमच्या गोठ्यातली ती दोन मुकी जनावरं तिथून आली होती. त्या दिवसापासून मातीच्या त्या बैलाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

25 डिसेंबर ही तारीखही शुभवर्तमानात नाही, रोममध्ये इ.स. 336 साली हा सण त्या दिवशी पाळत, अशी जुनी नोंद आहे. आपला 'नाताळ' शब्द पोर्तुगीजांचा, अर्थ जन्म. 1739 साली वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला, पोर्तुगीज गेले, शब्द इथेच रुजला.

पण बाई रमायच्या त्या असिसीच्या संत फ्रान्सिस या साधूच्या गोष्टीत. 1223 साली इटलीतल्या ग्रेचो या डोंगरातल्या गावी त्यांनी जॉन नावाच्या तिथल्या एका सरदाराला पंधरा दिवस आधी निरोप धाडला: गव्हाण, गवत, बैल आणि गाढव तयार ठेव, त्या बाळाचे हाल मला डोळ्यांनी पाहायचे आहेत. रात्री मशाली घेऊन गाव जमलं. गव्हाणीवरच मिस्सा, म्हणजे भाकर मोडून वाटायची ख्रिस्ती उपासना, झाली, फ्रान्सिसनी शुभवर्तमान गायलं.

"गव्हाणीवर का?" बाईंनी विचारलं. सगळे गप्प. मी सकाळीच गाईपुढे वैरण टाकून आलो होतो. म्हणालो, "गव्हाण खायची जागा असते ना, बाई." त्या क्षणभर थांबल्या. मग फळ्यावर 'बेथलेहेम' लिहून त्यांनी पुढे अर्थ लिहिला: भाकरीचं घर. मिस्सेत भाकर मोडतात ती म्हणजे याच बाळाचं शरीर, हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की मागचा बाकसुद्धा पुढे वाकला.

बाळ गव्हाणीत ठेवायचे ते मध्यरात्रीच्या मिस्सेला, तोपर्यंत आमची गव्हाण रिकामीच असायची. ते रिकामेपण मला फार आवडायचं.

तीन राजांचा सण झाला की गोठा उतरायचा आणि पेंढा घरी परत यायचा. ग्रेचोच्या लोकांनी त्या रात्रीचं गवत आजारी गुरांसाठी जपून ठेवलं होतं, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. आमच्या आजीला हे कुठलं ठाऊक असणार! शाळेतून आलेल्या त्या पेंढीला हात लावून ती नमस्कार करायची आणि गाभण गाईपुढे टाकायची.