बेड नंबर 14

सहकारी रजेवर असल्यामुळे त्या सकाळी फायनल इयरच्या दोन्ही बॅच माझ्याच राउंडला आल्या. त्यातल्या एका बॅचला एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन, म्हणजे संशोधनातला पुरावा तपासून उपचार ठरवणं, मी लेक्चर हॉलमध्ये शिकवलं होतं. स्लाइड्स, व्याख्या, शेवटी पर्याय निवडायचे प्रश्न, एमसीक्यू. मार्क उत्तम पडले होते. दुसऱ्या बॅचचं लेक्चर व्हायचं होतं.

14 नंबरच्या बेडवर एक शेतकरी बाबा होते. हार्ट अटॅकचा पाचवा दिवस. त्रास काही नव्हता, पण मॉनिटरवर अधूनमधून वेडावाकडा ठोका, म्हणजे एक्टोपिक, उमटत होता.

"काय कराल?"

एमसीक्यूत पहिली आलेली मुलगी म्हणाली, "सर, एक्टोपिक्स दाबायचं औषध. फ्लेकेनाइड." ठोके सुधारले की धोका टळला, हे पटण्यासारखंच आहे. 1980च्या दशकात कित्येक हृदयरोगतज्ज्ञही असंच मानत होते.

दुसऱ्या बॅचमधला एक मुलगा मागून म्हणाला, "पण त्याने माणूस जगतो का, हे कुणी तपासलंय?"

"शोधा," एवढंच मी म्हटलं.

मोबाइलवर पबमेड, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांची सूची, उघडलं आणि थोड्या वेळात 1991 साली प्रसिद्ध झालेली, याच औषधांची कास्ट ट्रायल सापडली. त्यातल्या रुग्णांचे ठोके औषधाने दबले होते. तरी फ्लेकेनाइड किंवा तसंच एन्केनाइड घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले, प्लासिबोवरच्या, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्या, 743 पैकी 26. त्या मुलीने ग्लोव्हजच्या कागदी पाकिटावर हिशोब मांडला. 8.3 टक्के वजा 3.5 टक्के. म्हणजे सुमारे 21 जणांना औषध दिलं की एक जादा मृत्यू, तोही सरासरी दहा महिन्यांत. किती जणांना औषध दिलं की एकाला जादा अपाय होतो, त्या 'नंबर नीडेड टू हार्म'ची व्याख्या तिने परीक्षेत बिनचूक लिहिली होती. आता बाबांकडे बघत ती गप्प झाली.

वेगळा वर्ग घेतला की ज्ञान वाढतं, पण कौशल्य आणि वागणं बदलायचं तर हे शिक्षण रुग्णसेवेतच मिसळावं लागतं, असं कूमारसामी आणि खान या संशोधकांनी 2004 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं. मी ते वाचलेलं होतं. तरी हॉल सोयीचा म्हणून तिथेच शिकवत राहिलो, याचं वाईट वाटलं. एका राउंडवरून दोन पद्धतींची तुलना होत नाही, माझ्या बॅच काही चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या, रँडमाइज केलेल्या नव्हत्या. पण उरलेलं लेक्चर मी रद्द केलं आणि तो तास वॉर्डात लावला.

बीटा ब्लॉकर हे हृदयाचं आधीचं औषध चालू ठेवलं, पोटॅशियम-मॅग्नेशियमला रक्त पाठवलं. बाबांच्या बायकोने घाबरून विचारलं, "औषध बदललं का?"

मी तोंड उघडण्याआधीच ती मुलगी पुढे झाली. "नाही मावशी. एक औषध द्यायचं नाही, असं ठरलंय. का ते सांगते," म्हणत तिने स्टूल ओढलं.