टाचेला अंगठा

बेळगावहून पेरूला माणसं न्यायची म्हटलं की सगळे आधी व्हिसाचं आणि जेवणाचं विचारतात. मी त्यांना आधी राजहंसगडावर नेते. सलग चार-पाच रविवार. गड चढून कुणाचा दम किती टिकतो ते दिसतं आणि एकमेकांची ओळख होते. पण प्रत्येक वेळी तिथंच सांगून ठेवते, की गड चटकन चढणाऱ्याला उंचीचा त्रास होणार नाही, असं समजू नका.

आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर. कुस्को शहर अकरा हजारांवर. तिथून एका दिवसात जाऊन यायचा रंगीत पट्ट्यांचा विनिकुंका डोंगर साडेसोळा हजारांच्या घरात. तिथल्या हवेतही प्राणवायू एकवीस टक्केच असतो, पण हवेचा दाब जवळजवळ निम्मा. म्हणजे छाती भरून श्वास घेतला तरी आत निम्माच पोहोचतो.

एका खेपेला अकरा जण होते. शहापूरचे निवृत्त शिक्षक पती-पत्नी, अनगोळचे तिघे मित्र, निपाणीकडचं एक शेतकरी जोडपं, आणखी काही. आणि कडोलीचा एक सत्तावीस वर्षांचा मुलगा, काकांबरोबर आलेला. तालमीतलं अंग. राजहंसगडावर तो सगळ्यांच्या आधी पोहोचून परत खाली यायचा आणि मागे राहिलेल्यांच्या पिशव्या उचलायचा.

कुस्कोत दोन रात्री काढून तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. वाटेत कुसिपाता गावात नाश्ता, पुढे क्वाड. चार जाड चाकांची ही गाडी दिसते खेळण्यासारखी, पण वजनदार असते आणि उतारावर कलंडली तर अंगावर येते. ॲक्सिलरेटर मुठीनं पिळायचा नाही, उजव्या अंगठ्यानं दाबायचा. बाइकवर वाढलेल्या आपल्या पोरांचा हात पहिला अर्धा तास चुकतोच. चढाला अंग पुढं झुकवायचं, कडेनं जाताना डोंगराच्या बाजूला. दोन स्थानिक वाटाडे होते, एक पुढं, एक मागं. मी मधे.

वर जाताना इंजिनाचा आवाज बदलत गेला. निम्म्या हवेत तेही निम्म्याच जोरानं ओढतं. पण ओढतं. आणि खरी काळजी इथंच आहे. पायी जाणाऱ्याला त्याचं शरीर अडवतं, दम लागतो, माणूस बसतो. गाडीवर बसलेल्याला अडवणारं काही नसतं. अंगठा दाबला की डोंगर मागं पडत जातो आणि आत काय चाललंय ते उतरल्यावरच कळतं.

गाड्या लावल्या. पुढं अर्ध्या तासाची पायी चढण होती. कडोलीचा मुलगा उतरला, हेल्मेट काढलं आणि बाजूच्या गाडीला धरून उभा राहिला. नुसता दमलेला माणूस वाकतो, गुडघ्यावर हात ठेवतो. हा ताठ उभा होता, पण पाय फाकून, डोलत्या होडीत उभं राहावं तसा. मी मातीत काठीनं रेघ ओढली. म्हटलं, "टाचेला अंगठा टेकवत एवढी चाल."

तिसऱ्या पावलाला तो रेघेबाहेर गेला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा गेला.

डोकेदुखी, मळमळ असेल तर आहे तिथं थांबून वाट बघता येते. तोल जायला लागला म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण. त्यावर उपाय एकच, लगेच खाली उतरणं. प्राणवायू आणि गोळ्या उतरेपर्यंतचा आधार.

"ताई, एवढ्या लांब आलोय की ओ. अर्ध्या तासाचं तर काम हाय," तो म्हणाला. शब्द जड येत होते. काका म्हणाले, जरा बसू दे, होईल बरा. मी नाही म्हटलं. त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण तेवढा वेळ नव्हता.

त्याला मागच्या वाटाड्यानं स्वतःच्या गाडीवर आपल्यापुढं बसवलं. नाकाला प्राणवायूची नळी. पुढचा वाटाड्या बाकीच्यांना घेऊन वर जाणार होता. राहिली मुलाची गाडी. ती तिथं सोडली तर परतताना सगळं अडलं असतं आणि काकांचे हात थरथरत होते.

निपाणीच्या मावशी नवऱ्याच्या मागं बसून आल्या होत्या. त्या पुढं झाल्या. "मी आणतो की ती. घरात ट्रॅक्टर मीच चालवतो न्हवं. मालक वर जाऊ देत."

मी त्यांनाही रेघेवरून चालायला लावलं. अठ्ठावन्न वर्षांच्या मावशी पदर खोचून सरळ चालत गेल्या आणि वळून परत आल्या.

उतारावर त्या माझ्या पुढं होत्या. ब्रेक सलग दाबून न धरता सोडत-धरत, इंजिनाच्या ओढीवर गाडी आणली. ज्या डोंगरासाठी त्यांनी वर्षभर पैसे साठवले होते, त्याकडं एकदा मान वळवून बघितलं, बस्स. लाल पट्टा तेवढा दिसत होता. आपल्या खानापूरच्या मातीसारखा, लोखंडाच्या गंजाचा रंग.

खाली व्हॅन तयार होती. कुसिपातापर्यंत मुलाची जड झालेली जीभ सुटली, कुस्कोत डॉक्टरांनी रात्रभर लक्ष ठेवलं आणि सकाळी तो सरळ चालला. तेव्हा त्यानं सांगितलं, की डोकं पहिल्या रात्रीपासून दुखत होतं. काकांना कळलं तर नेणार नाहीत म्हणून बोलला नाही. मी दोन्ही दिवस सकाळी सगळ्यांना विचारलं होतं, पण सगळ्यांसमोर. तेव्हापासून मी प्रत्येकाला वेगळं गाठून विचारते.

आता राजहंसगडावर नवा गट आला की तोही कडोलीहून येतो. माथ्यावर काठीनं रेघ ओढतो आणि पिशवी उचलून देण्याआधी प्रत्येकाला तिच्यावरून चालायला लावतो.