न्यू जर्सी युद्धनौकेवर मुलांचा मुक्काम: निघण्याआधी काय ठरवायचं

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, कॅम्डेनला डेलावेअर नदीत बांधून ठेवलेल्या 'न्यू जर्सी' युद्धनौकेवर स्काउटांचे आणि शाळांचे गट रात्रीच्या मुक्कामाला जातात. एडिसन-प्रिन्स्टनकडच्या मराठी घरांतली मुलं स्काउटात असली की हा बेत कधीतरी निघतोच, आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिला प्रश्न जेवणाचा येतो. जेवणाचं नंतर बघू. आधी सामानाचं बघा, कारण मुक्काम बिघडतो तो बहुतेक वेळा सामानामुळे.

जहाजावर जिने नाहीत, लोखंडी शिड्या आहेत. अरुंद आणि जवळजवळ उभ्या. झोपायच्या जागा वरच्या डेकच्या खाली आहेत, म्हणजे प्रत्येकाला आपलं सामान घेऊन या शिड्या उतरायच्या असतात. चाकांची बॅग इथे निव्वळ अडचण. एका हातात बॅग, दुसऱ्यात उशी, काखेत स्लीपिंग बॅग, असं आलेलं मूल शिडीच्या तोंडाशी अडकतं आणि मागे रांग तुंबते. म्हणून नियम एकच: माणशी एक मऊ पाठपिशवी, स्लीपिंग बॅग तिलाच बांधलेली, दोन्ही हात मोकळे. उतरताना शिडीकडे तोंड. एका वेळी शिडीवर एकच जण, आणि तो खाली पोचून बाजूला झाल्यावरच पुढचा. मोठी मुलं दांड्यांवरून घसरत उतरायला बघतात. त्यांना पहिल्याच शिडीवर थांबवा, नंतर कोणी ऐकत नाही.

दुसरं संकट दारांचं. जलरोधक दारांना गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा उंच उंबरठा असतो. एका कप्प्यात पाणी शिरलं तर ते शेजारच्यात जाऊ नये म्हणून पोलादी भिंतीत भोक शक्य तितकं लहान ठेवतात. दारांचे कोपरेही गोल असतात, कारण चौकोनी कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि तिथून पत्र्याला तडा जाऊ शकतो. मुलांना हे कारण सांगितलं तर ती पाय उचलायला विसरत नाहीत. आधी पाय, मग डोकं. नडगी फुटण्याचा धोका मुलांना, कपाळ फुटण्याचा उंच बाबांना. प्रथमोपचाराच्या पेटीत बर्फाच्या झटपट पिशव्या चार-पाच हव्यातच.

पायात बंद, रबरी तळाचे बूट. मुख्य डेक सागवानी लाकडाचा आहे. तो ओला झाला की पाय घसरतो आणि जुन्या फळ्यांची कुसळं अनवाणी पायात जातात. चपला आणि क्रॉक्स घरी ठेवा. रात्री बाथरूमला जातानाही बूटच.

बंक, म्हणजे खलाशांच्या झोपायच्या खाटा, एकावर एक तीन. रुंदी जेमतेम एका माणसाची, आणि वरच्या बंकचा तळ नाकाच्या इतका जवळ की उठून बसता येत नाही. कूस बदलायची तर आधी ठरवून. लहान आणि झोपेत लोळणाऱ्या मुलांना सगळ्यात खाली, सडपातळ मोठ्यांना वर. गुडघे कुरकुरणाऱ्या मोठ्या माणसाने खालचा बंक मागून घ्यावा, त्यात लाज कसली. आजी-आजोबांना हौसेने मुक्कामाला आणायचा विचार असेल तर सोडून द्या. त्यांना दिवसा मुख्य डेक दाखवा.

झोपायच्या भागात खिडकी नाही, त्यामुळे पहाट झाली की नाही ते कळत नाही. हवा खेळवणारे पंखे रात्रभर घोंघावतात, पोलादी भिंतींतून दूरच्या पावलांचा आवाजही येतो. कानात घालायचे बोळे प्रत्येकाकडे हवेत. पातळ गादीखालून गारवा येतो, म्हणून उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा एक कपडा. टॉर्च लाल प्रकाशाची घ्या. लाल उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही आणि शेजारचा जागाही होत नाही. फोनला आत रेंज नसते असंच धरून चाला. घरी काय ते कळवायचं ते डेकवरून, झोपण्याआधी. झोपताना श्वासाचं यंत्र लावणाऱ्या पालकांनी बॅटरी आणावी, बंकजवळ प्लग मिळेलच असं नाही. दम्याचा पंप बॅगेत नको, खिशात हवा: बंद जागेत रंगाचा आणि तेलाचा वास असतो. आणि भिंतीवरचा पोपडा आलेला रंग किंवा पाइपांवरचं वेष्टण कोणीही खरवडायचं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जहाजांत शिसं आणि अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरत.

हरवणं ठरलेलंच आहे, कारण सगळे मार्ग सारखे दिसतात. पण जहाजावर पत्ते असतात. फ्रेमचे (जहाजाच्या आडव्या फासळ्यांचे) आकडे नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागच्या टोकाकडे वाढत जातात, आणि कप्प्याच्या क्रमांकात विषम आकडा उजव्या बाजूचा, सम डाव्या बाजूचा (नाळेकडे तोंड करून). पोचल्यावर पहिलं काम: आपल्या झोपायच्या कप्प्याच्या दारावरचा क्रमांक प्रत्येक मुलाने मनगटावर पेनाने लिहायचा. मग 'आकडे कमी होताहेत, म्हणजे मी पुढे चाललोय' हे त्यांना आपसूक जमतं. खेळ म्हणून हे कुठल्याही तयार उपक्रमापेक्षा सरस आहे.

जायच्या आधी अर्धा तास मुलांबरोबर आकडे करा, नाहीतर तोफा म्हणजे फोटोची जागा एवढंच उरतं. ही आयोवा वर्गाची, म्हणजे 'आयोवा'च्याच आराखड्यावर बांधलेली नौका. 7 डिसेंबर 1942 ला समोरच्याच काठावरच्या फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत ती पाण्यात उतरली आणि मे 1943 मध्ये सेवेत आली. रुंदी 108 फूट 2 इंच, कारण पनामा कालव्याची दारं 110 फुटांची होती: दोन्ही बाजूंना जेमतेम 11 इंच. मोठ्या तोफा 9, तीन मनोऱ्यांत तीन-तीन. तोफेचं तोंड 16 इंचांचं आणि नळी तोंडाच्या 50 पट लांब, म्हणजे 800 इंच, साडेसहासष्ट फुटांहून थोडी जास्त. चिलखतभेदी गोळा 2700 पौंडांचा, त्यामागे 110 पौंडांच्या तोफेच्या दारूच्या सहा पिशव्या. मुलांना 660 पौंड स्वतःच्या वजनात मोजायला सांगा. नियंत्रण मनोऱ्याची (लढाईत जिथून नौका चालवायची त्या चिलखती खोलीची) भिंत 17.3 इंच जाड आहे, तिच्या दारात उभं राहून जाडीला हात लावून बघण्यासारखी. दुसऱ्या महायुद्धापासून 1991 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिने कोरिया, व्हिएतनाम आणि लेबनॉन पाहिलं. ध्वनिशक्तीवर चालणारे टेलिफोन दिसले तर वाटाड्याला जरूर विचारा: त्यांना बॅटरी लागत नाही, बोलण्याच्या आवाजानेच पडदा हलतो आणि वीज तयार होते. वीज गेलेल्या जहाजात हुकूम पोचवायचा हा भरवशाचा मार्ग.

मुंबईच्या लोकांना 'विक्रांत' आठवेल. 2001 ते 2012 ती संग्रहालय म्हणून उघडी होती, नंतर सुरक्षिततेच्या कारणाने बंद झाली आणि 2014 मध्ये भंगारात गेली. लोखंड पाण्यात ठेवायचं तर त्यावर खर्च करत राहावं लागतं. 'न्यू जर्सी' 2024 मध्ये तीन महिने सुक्या गोदीत नेली होती, तळ रंगवायला, गंज रोखणारे आनोड बदलायला आणि तळातली जुनी छिद्रं तपासायला. मुक्कामाचे पैसे महाग वाटले तर हे लक्षात घ्या.

आता कागदपत्रं. स्काउटांचा मुक्काम असेल तर आरोग्य अर्जाचे अ आणि ब भाग सगळ्यांचे, मोठ्यांचेही. 72 तासांहून कमी असल्याने डॉक्टरांचा क भाग लागत नाही. मुक्कामाला राहणाऱ्या मोठ्यांची स्काउट संघटनेतली नोंदणी आणि बालसुरक्षा प्रशिक्षण चालू हवं. 'मी फक्त सोबत येतो' म्हणणारे बाबा इथेच अडतात, म्हणून महिनाभर आधी यादी करा. कब स्काउटांच्या (स्काउटातल्या लहान मुलांच्या) पालकांसाठी नियम थोडे वेगळे आहेत, ते आपल्या पॅककडून, म्हणजे त्यांच्या गटाकडून, ठरवून घ्या. मोठ्यांची आणि मुलांची झोपायची सोय वेगळी, बायका आणि पुरुषांचीही. किती कप्पे मिळणार हे आरक्षणावेळीच विचारा, माणसं वाटून झाल्यावर नव्हे. रात्री दहा ते सहा दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा, प्रत्येक पाळीत दोन मोठे. शिडीच्या तोंडाशी बसा, कप्प्याच्या मध्यभागी नको. झोपेत उठलेलं मूल शिडीकडेच जातं.

आणि हो, जेवण. खलाशांच्या मेसमध्ये ताट घेऊन रांगेत उभं राहायचं असतं आणि स्वयंपाक अमेरिकन पोरांच्या आवडीचा असतो. 'व्हेजिटेरियन' एवढं लिहून भागत नाही. अंडं चालतं का, गोमांस-डुक्कर दोन्ही नको का, जैन मुलं किती, हे आकड्यांत लिहून पाठवा आणि आठवडाभर आधी पुन्हा फोन करा. घरचे ठेपले किंवा चिवडा नेता येईल का हे आधी विचारा. परवानगी मिळाली तरी खाणं मेसमध्येच. बंकवर सांडलेला चिवडा उंदीर-मुंग्यांना आमंत्रण आहे, आणि जहाजातून त्यांना बाहेर काढणं फार अवघड.

सकाळी निघताना घाई असते, म्हणून आवराआवर नाश्त्याच्या आधी. हजेरी दोनदा: एकदा बंकजवळ, एकदा धक्क्यावर. काही बंकांच्या गादीखाली सपाट कप्पा असतो. चष्मे, रिटेनर आणि चार्जर हमखास तिथे राहतात, तेव्हा प्रत्येक गादी एका मोठ्याने स्वतः उचलून बघायची आणि मगच वर यायचं.