तुम्ही विचारलंत म्हणून: 'सैराट' अकरावा का?

नाही, विसरलो नव्हतो. आणि शिष्टपणाही नव्हता, म्हणजे फार नव्हता. दर डिसेंबरअखेर मी वर्षातल्या आवडत्या दहा अल्बमची यादी काढून मित्रमंडळींना पाठवतो, एवढाच माझा गुन्हा. २०१६च्या यादीत डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' होता, लेनर्ड कोहेनचा 'यू वॉन्ट इट डार्कर' होता, करमाळ्यात चित्रित झालेल्या सिनेमाचा, अजय-अतुलचा 'सैराट' नव्हता. तो अकरावा. तेव्हापासून सोलापुरात सात रस्त्यावर चहाला उभं राहिलं तरी कुणीतरी सुनावतंच, "काय बे, मेलेले गोरे चालतात, आपला करमाळा चालत नाही व्हय?"

दोघंही त्याच वर्षी गेले हे खरं, बोवी तर अल्बम आल्यावर दोनच दिवसांत. पण हळहळ म्हणून मी कुणाला यादीत घेत नाही.

'कट्यार काळजात घुसली'सुद्धा २०१५ला असाच काठावर राहिला होता. 'अरुणि किरणी' नवं होतं, त्यासाठी महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण माझा जीव अडकला होता १९६७च्या नाटकातल्या अभिषेकीबुवांच्या चालींत. ते २०१५चं कसं म्हणायचं? हे सगळ्यांना पटलं. 'सैराट'च्या बाबतीत मात्र माझं एकही उत्तर कुणी चालवून घेतलेलं नाही.

आधी मी म्हणायचो, चारच गाणी, वीसेक मिनिटांचा ऐवज, त्याला अल्बम म्हणायचं का? 'ब्लॅकस्टार'वर तरी कुठे सातापेक्षा जास्त आहेत! ते कुणी काढलं नाही हे माझं नशीब. मग म्हणायला लागलो की वरातीत, गणपतीत, रिक्षात 'झिंगाट' इतकं आदळलं की धड ऐकणं झालंच नाही. यात थोडं तथ्य आहे. पण घरी हेडफोन होता, आणि रात्री दार लावून मी ती गाणी ऐकत होतो.

आमच्या आप्पांची उमर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर गेली. रातपाळी करून आले की घरातही ओरडूनच बोलायचे. आम्हाला वाटायचं स्वभाव आहे. मागांच्या खडखडाटाने कान जातात, तेव्हा आधी ऐकू येईनासे होतात ते बारीक, उंच आवाज. ढोल, हलगी बऱ्याच उशिरापर्यंत ऐकू येतात. हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं. अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवून ही गाणी केली, याचं मला केवढं अप्रूप! करमाळ्याच्या उसाला हॉलीवूडचं व्हायोलिन! एका रविवारी जेवणं झाल्यावर आप्पांच्या कानांवर हेडफोन चढवला, 'याड लागलं' लावलं आणि समोर बसून त्यांचं तोंड बघत राहिलो. व्हायोलिनं चढत होती, हेडफोनच्या फटीतून मला ऐकू येत होती. आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मग म्हणाले, "लाव की रे गाणं."

मी आवाज वाढवला. गायकाचा आवाज आला तशी त्यांनी मान हलवली, "हां, आता लागलं." शब्द काय आहेत विचारलं तर हसून म्हणाले, "चांगलं आहे." त्यानंतर 'झिंगाट' लावलं. पहिल्या ठेक्याला आप्पांचा पाय हलला, मांडीवर बोटं वाजायला लागली. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. ती इतकी खूश होती की मला तिथे बसवेना.

तेव्हापासून व्हायोलिनं आली की माझं गाण्यावरचं लक्ष उडतं. आप्पांना यातलं कुठपर्यंत पोचत असेल, हेच चाचपत बसतो. यादीचा माझा नियम साधा आहे: पुन्हापुन्हा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवेल तेच घ्यायचं. हा अल्बम मला तसा ऐकवत नाही.

यात अजय-अतुलचा काय दोष, असं माझ्यातलाच जुना यादीवाला विचारतो. यादी संगीताची की तुझ्या घरच्या दुखण्याची? त्याच्याकडे मुद्दा आहे. माझ्याकडेही आहे: दुखणं वगळून ऐकायला दुसरे कान कुठून आणू? आणि घ्यायचाच म्हटला तर काढू कुणाला? बोवीवर काट मारून पाहिली, परत लिहिला. कोहेनला हात लावायची हिंमत होत नाही. अकरा करा म्हणता, तर पुढच्या वर्षी बारावा घेऊन तुम्हीच दारात उभे राहाल.