जुनं लेथ आणि थ्री फेजचे नऊ आठवडे

लेथ, म्हणजे धातू फिरवत ठेवून कापायचं मशीन, घरी आलं रविवारी, आणि त्यावर पहिला जॉब, म्हणजे पहिली वस्तू, निघाला त्यानंतर नऊ आठवड्यांनी. मशीनची यात काही चूक नव्हती. चूक एका फॉर्मची होती, आणि थोडी माझी.

मी आयटीआयचा टर्नर, पण पुढे खरेदी विभागात खुर्चीवर बसलो तो निवृत्तीलाच उठलो. ऐरोलीतल्या आमच्या रो-हाउसच्या मागच्या खोलीत छोटं लेथ असावं, पितळेची वाफेची इंजिनं करत बसावं, एवढीच हौस. ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतले जुने गाळे एकेक करून बंद होतायत. तिथल्याच एका मालकाकडून पंजाबातल्या बटाल्याचं, पट्ट्यावर चालणारं साडेचार फुटी मशीन ५५,००० रुपयांत मिळालं. दोन्ही चक (जॉब धरून फिरवणारे पंजे), टेलस्टॉक (समोरच्या टोकाचा आधार), सुट्या गिअरांचा डबा सगळं त्यात आलं. डब्यातले गिअर मात्र मी मोजले नाहीत. त्याचं पुढे सांगतो.

बघायला जाल तेव्हा रंगावर जाऊ नका, रंग शनिवारी मारलेला असतो. सॅडल म्हणजे हत्यार घेऊन बेडच्या रुळांवर सरकणारा भाग; त्याची गिब, म्हणजे घट्ट करायची पट्टी, चकाजवळ नीट आवळा आणि सॅडल टेलस्टॉककडे न्या. वाटेत जाम झालं, तर चकाजवळ बेड झिजलंय असं समजा, कारण रोजचं काम तिथेच होतं. चकात जाड सळई धरून वर उचलून बघा, बेअरिंगचा खेळ डायल गेजवर, म्हणजे बारीक हालचाल दाखवणाऱ्या काट्यावर, लगेच दिसतो. माझं थोडं झिजलेलं होतं. भावात ते वळतं करून घेतलं.

आणणं सोपं गेलं. चक आणि टेलस्टॉक काढून ठेवले, टेम्पो केला, दारापासून आत पाइपांवरून पहारीने सरकवलं. दुपारी जेवायला आम्ही घरी.

मोटर एक हॉर्सपॉवरची, थ्री फेज, म्हणजे तीन जिवंत तारांची वीज लागणारी, ४१५ व्होल्टची. घरात सिंगल फेज, एकाच तारेची. त्यात काय, अर्ज करू, असं मी म्हणालो. हे वाक्य बायको अजून मला ऐकवते.

वीज कार्यालयात पहिल्या खेपेला खिडकीवरच्या मुलाने सांगितलं, ‘वापराचा प्रकार’ या रकान्यात घरगुती लिहा. लिहिलं. दुसऱ्या खेपेला त्या खुर्चीवर दुसरे गृहस्थ. त्यांनी कारण वाचलं, ‘लेथ मशीनसाठी’.

“काका, हा तर उद्योग झाला. उद्योगाचे कागद आणा.”

“उद्योग नाही हो, हौस आहे.”

“हौसेचा रकाना नाहीये यात.”

ते चिडून बोलले नाहीत, खरंच रकाना शोधत होते. मीच चिडलो. खरेदी विभागात जन्म घालवलेला माणूस मी, लोकांना ‘कागद पूर्ण करून या’ म्हणून परत पाठवत आलो. आता खिडकीच्या या बाजूला उभा होतो. तिसऱ्या खेपेला साहेब साइटवर. चौथ्या खेपेला साहेब भेटले, पण अर्जाला सोसायटीचं ना-हरकत पत्र नव्हतं. सेक्रेटरींनी आवाज किती येईल विचारलं. मिक्सरपेक्षा कमी, म्हटलं. पत्र द्यायला बारा दिवस लावले. पाचव्या खेपेला फाइल दुसऱ्या टेबलावर गेलेली, आणि ते टेबल रजेवर. तिथे तासभर बसलो तेव्हा कागदांवर पेपरवेट म्हणून ठेवलेली बेअरिंगची बाहेरची रिंग बघत होतो. बावन्न मिलिमीटर असेल, ६२०५ नंबरच्या बेअरिंगची. आतल्या कडेला गोळ्यांच्या वाटेचा पट्टा अजून चकचकीत होता. सरकारी टेबलावर चांगली चीज, आणि माझं मशीन घरी चादरीखाली.

त्या चादरीवर एव्हाना लोणच्याच्या बरण्या आल्या होत्या. एकदा चादर काढली तर बेडवर तांबूस बोटांचे ठसे. मिठाचा हात लागलेला. इथे खाडीची हवा, त्यात पाऊस. बेडवर तेलाचा हात रोज फिरवा, मशीन चालू असो वा नसो.

सुटका केली ती रबाळ्याच्या एका मोटर रिवाइंडिंगवाल्याने. मोटरचं बेअरिंग बदलायला गेलो होतो, रडगाणं गायलो. तो म्हणाला, “तुम्हाला थ्री फेजचं कनेक्शन हवंय कशाला? ड्राइव्ह लावा.” सिंगल फेज आत घेऊन थ्री फेज बाहेर देणारा व्हीएफडी. मला हे माहीत असायला हवं होतं, खरं सांगतो. फक्त हा ड्राइव्ह मोटरला २३० व्होल्टच देतो, आणि माझी मोटर स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक आत एकत्र जोडलेलं, बाहेर तीनच वायरी. त्याने वाइंडिंगमधला स्टारचा जोड उघडला, सहा टोकं बाहेर काढली आणि त्रिकोणात जोडून डेल्टा करून दिलं. डेल्टात मोटरला किती व्होल्ट लागतील ते काढायला ४१५ ला १.७३२ ने भागा, साधारण २४० येतात, म्हणजे हिशेब जमतो. दोन दिवसांचं काम. पाच खेपा आणि नऊ आठवडे एकीकडे, दोन दिवस एकीकडे.

ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये जुना स्विच ठेवू नका, ड्राइव्ह जळतो. चालू-बंद ड्राइव्हच्याच बटणांनी करायचं. आणि चक आट्यांवर बसणारा असेल, तर उलटं फिरवून कापायचं नाही, झटक्यात ब्रेकही नाही. चक सुटून अंगावर येतो. स्पीड फार कमी ठेवून तासन्‌तास चालवू नका, मोटरचा पंखाही तेवढाच हळू फिरतो आणि मोटर तापते.

पहिला जॉब म्हणजे पितळेचा पिस्टन, अठरा मिलिमीटरचा. पितळेचा कीस उडतो कसा, हे चाळीस वर्षांत विसरलो होतो. शर्टाच्या खिशात सापडला. बायकोने बरण्या स्वतःच हलवल्या.

अर्ज अजून तिथेच आहे. मागे घ्यायलाही फॉर्म लागतो म्हणे.

आता गिअरचं. माझा लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू, इंची, इंचाला चार आट्यांचा. मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे तर १२७ दात्यांचं गिअर लागतं, कारण २५.४ ची पाचपट १२७. डब्यात नेमकं तेच नाही. मालक म्हणतो, होतं. घेताना डबा जमिनीवर ओता आणि दाते मोजा, मालक समोर चहा पीत असला तरी.